जीनोमचा पैसा कोणाच्या ताटासाठी?

पिकाच्या पेशीतला संपूर्ण आनुवंशिक आराखडा म्हणजे त्याचा जीनोम. तो वाचण्यासाठी सरकारे प्रचंड अनुदान देतात. हा प्रयोगशाळेतला विषय आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे अनेक कार्यकर्ते विचारतात. संबंध आहे. पैसा जनतेच्या करातला आहे, आणि तो कोणत्या पिकाला आधी द्यायचा हे एकटे विज्ञान ठरवत नाही.

इतिहास पाहा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९८ मध्ये वनस्पती जीनोम संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच वर्षी ४ कोटी डॉलर मिळाले. हे आपोआप घडले नाही. मका उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने मागणी लावून धरली आणि मिसुरीचे सिनेटर किट बॉण्ड यांनी ती संसदेत रेटली. २००५ मध्ये एकट्या मक्यासाठी ३ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले, २००९ मध्ये मक्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. संघटित होते त्यांना मिळाले.

पण त्याच देशात १८९० च्या कायद्याने मान्यता मिळालेली कृष्णवर्णीयांची कृषी विद्यापीठे आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून सांगितले की, तीन दशकांत या विद्यापीठांना राज्यांकडून १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला. म्हणजे कोणत्या पिकावर संशोधन, एवढाच प्रश्न नाही. संशोधन कोणी करायचे, हाही आहे.

आता भाताकडे या. जपानच्या पुढाकाराने दहा देशांनी सरकारी पैशातून भाताचा जीनोम वाचला. भारतही त्यात होता. जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीवर दिल्ली विद्यापीठ आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ११ व्या गुणसूत्राच्या एका भागाचे काम केले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सगळी माहिती जगाला खुली झाली. सिंजेंटा कंपनीनेही २००२ मध्ये भाताचा आराखडा प्रसिद्ध केला होता, पण मूळ माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर अटी घालून ठेवली. सार्वजनिक पैसा का हवा, याचे उत्तर या फरकात आहे.

मग आपली भाकरी? ज्वारीचा जीनोम २००९ मध्ये आला, तो मुख्यतः अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या संस्थेमुळे. त्यांना रस होता इंधनपिकात. बाजरी आणि नाचणी यांचे जीनोम २०१७ मध्ये आले, म्हणजे भातानंतर बारा वर्षांनी. नाचणीचा जीनोम गुंतागुंतीचा आहे, असे उत्तर मिळेल. खरे आहे. पण मक्याचा जीनोम त्याहून मोठा आहे आणि तो आठ वर्षे आधी वाचला गेला. अशा मागे राहिलेल्या पिकांना जगभरचे शास्त्रज्ञ 'अनाथ पिके' म्हणतात. ती अनाथ नाहीत. कोरडवाहू शेतकरी, आदिवासी आणि दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर जगली. त्या माणसांचे वजन अनुदानाच्या टेबलावर नव्हते, एवढेच. आपल्या सरकारनेही २०१८ पर्यंत या धान्यांना 'भरड' म्हटले, मग 'पोषक' म्हटले. नाव बदलले, निधी किती बदलला, हे आपण विचारायला हवे.

जीनोम वाचून पोट भरत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण त्या माहितीच्या आधारे दुष्काळात तगणारे वाण लवकर निवडता येते. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रावरील निबंधात दाखवले की, शेत परवडते की नाही हे केवळ आकारावर ठरत नाही. भांडवल आणि साधनांवर ठरते. आज बियाण्यामागचे ज्ञान हेही साधनच आहे. ते कंपनीच्या कुलपात गेले, तर अल्पभूधारकाने ते दरवर्षी विकत घ्यायचे.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवूया. कोणत्या पिकावर किती अनुदान, हे दरवर्षी जाहीर व्हावे. सरकारी पैशातून निघालेली माहिती खुली राहावी. कोरडवाहू पिकांसाठी निधी राखून ठेवावा. आणि या प्रयोगशाळांत आपली मुले-मुली फेलोशिपवर किती आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज करायला दहा रुपये लागतात.

जय भीम!