बॉल जॉइंट (वाहन)

बॉल जॉइंट हा मोटार वाहनाच्या पुढील सस्पेन्शनमधील एक सांधा आहे. तो कंट्रोल आर्म आणि चाक धरणारे स्टीअरिंग नकल यांना जोडतो. या सांध्यामुळे चाक रस्त्याच्या चढउतारांनुसार वरखाली होऊ शकते आणि त्याच वेळी डावीउजवीकडे वळूही शकते. स्वतंत्र पुढील सस्पेन्शन असलेल्या पिकअप ट्रकमध्ये प्रत्येक बाजूस बहुधा वरचा व खालचा असे दोन बॉल जॉइंट असतात.

रचना

पोलादी स्टडच्या टोकाचा गोळा कवचातील वाटीत फिरतो. ही रचना माणसाच्या खुब्याच्या सांध्यासारखी असते. वाटीत ग्रीस भरलेले असते व त्यावर रबरी बूट असतो. स्टडचा निमुळता दांडा तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसतो. तो खाचांचा नट व स्प्लिट पिन यांनी पक्का केला जातो. स्टीअरिंगच्या टाय रॉडचे टोकही याच तत्त्वावर चालते, मात्र ते वाहनाचे वजन पेलत नाही.

झीज व धोका

स्प्रिंग किंवा टॉर्शन बार ज्या आर्मवर कार्य करतो, त्या आर्मचा बॉल जॉइंट वजन पेलतो. पिकअपमध्ये तो बहुधा खालचा असतो. बूट फाटल्यास पाणी व धूळ आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि वाटी झिजू लागते. खड्ड्यांतून जाताना खटखट आवाज येणे, वाहन एका बाजूस ओढले जाणे आणि टायर असमान झिजणे ही त्याची लक्षणे होत. गोळा वाटीतून निसटल्यास चाक आर्मपासून सुटून आडवे होते, वाहनाचा तो कोपरा खाली बसतो आणि स्टीअरिंगवर ताबा राहत नाही. खालच्या बॉल जॉइंटमधील दोषामुळे टोयोटाने २००५ साली अमेरिकेत टॅकोमा व टुंड्रा या पिकअपसह काही मॉडेलांची वाहने परत बोलावली होती.

तपासणी

वाहन चाकांवर उभे असताना वजनामुळे सांधा दाबलेला राहतो व त्यातील ढिलेपणा सहसा दिसत नाही. म्हणून तपासणीपूर्वी सांध्यावरील भार काढतात. स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्यास त्याच आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ, जॅक लावतात. नंतर चाक वर व खाली धरून हलवतात. या दिशेने ढिलेपणा जाणवल्यास बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग झिजलेले असते. डावीउजवीकडचा ढिलेपणा बहुधा टाय रॉडची टोके वा स्टीअरिंगचे इतर सांधे झिजल्याचे दर्शवतो. काही बॉल जॉइंटना झीजदर्शक खूण असते. त्यांची तपासणी मात्र वजन चाकांवर असतानाच केली जाते.

बदलण्याची पद्धत

वाहन चौकटीखाली स्टँड लावून उचलतात. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी ऊर्जा साठलेली असल्याने सांधा सोडवण्यापूर्वी खालच्या आर्मला जॅकचा आधार देतात. टॉर्शन बार असल्यास त्याचा ताण आधी उतरवतात. निमुळता दांडा पुलरने सुटा करतात. दुपाखी पाचर वापरल्यास बूट फाटण्याची शक्यता असते. रिव्हेटने बसवलेले मूळ सांधे काढल्यावर नवे सांधे बोल्टने बसवतात, तर दाबून बसवलेल्या सांध्यांसाठी प्रेस लागतो. नट ठरावीक टॉर्कने आवळतात. त्यानंतर खाच व भोक जुळत नसल्यास नट आणखी आवळतात, ढिला करत नाहीत. स्प्लिट पिन दरवेळी नवी घालतात.

टाय रॉडचे टोक बदलताना जुन्या टोकाचे आटे किती फेऱ्यांत सुटले, हे मोजून नवे तितक्याच फेऱ्यांनी बसवतात. त्यामुळे चाकांची दिशा साधारण जुळते. तरीही काम पूर्ण झाल्यावर व्हील अलाइनमेंट आवश्यक असते. ते न केल्यास नवे टायरही लवकर झिजू शकतात.