बाबासाहेबांचे लंडन पायी पाहा

लंडनला शिकायला गेलेले आपले बरेच तरुण किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरासमोर फोटो काढतात आणि बस पकडतात. 1921-22 मध्ये बाबासाहेब या घरात राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले, हे चांगलेच झाले. पण बाबासाहेबांचे लंडन त्या चार भिंतींत मावत नाही.

सुटीच्या दिवशी तिथून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालत जा. अंतर साधारण चार किलोमीटर. भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी बाबासाहेब या शहरात पायपीट करीत आणि म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर वाचत बसत. ही हौसेची रपेट नव्हती; पोटाला चिमटा घेऊन केलेला अभ्यास होता. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स तिथून जवळच आहेत. 1917 मध्ये जातीमुळे बडोद्यात ज्यांना राहायला जागा मिळाली नाही, ते इथे बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये डी.एस्सी. झाले.

मग इंग्रजांचे उपकार मानायचे का? मुळीच नाही. याच शहरात, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात, बाबासाहेबांनी ब्रिटिशांच्या चलननीतीची चिरफाड केली. पायांत बळ असेल तर पुढे सेंट जेम्स राजवाड्यापर्यंत जा. 1930 च्या गोलमेज परिषदेत त्यांनी तिथेच सरकारला सुनावले: इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आणि तुमच्या राज्यातही तो हक्क आम्हाला मिळालेला नाही.