लहान टॅबलेट : ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती आणि एन्क्रिप्शन

साधारण 7 ते 9 इंच पडद्याचा टॅबलेट हरवला किंवा चोरीला गेला, तर त्यातील माहिती परक्याला वाचता येऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम ती सांकेतिक रूपात साठवते. ही सोय म्हणजे एन्क्रिप्शन. खोक्यावर ‘होम’ छापले आहे की ‘प्रो’, यावर ती ठरते असे बहुतेक ग्राहक धरून चालतात. प्रत्यक्षात यंत्रातली सुरक्षा चिप, टॅब सुरू करताना वापरलेले खाते आणि पडद्याला लावलेला पिन यांचा वाटा आवृत्तीहून मोठा असतो.

छत्रपती संभाजीनगरात (2023 पर्यंत औरंगाबाद) हे यंत्र अनेक हातांत दिसते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठातले वकील त्यावर पक्षकारांची कागदपत्रे वाचतात, दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी होतात. जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेकडून मोफत टॅब आणि रोजचा 6 जीबी डेटा मिळत आला आहे. एवढ्याशा यंत्रात आधार कार्डापासून जातप्रमाणपत्रापर्यंत घरादाराचे कागद फोटोरूपाने साठलेले असतात.

विंडोजवर चालणारे लहान टॅब प्रामुख्याने 2013 नंतर आले. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने 9 इंचांहून लहान पडद्याच्या यंत्रांसाठी विंडोजचे परवाना शुल्क माफ केले आणि स्वस्त टॅबची लाट आली. मुंबईच्या आयबॉल कंपनीनेही 7 इंची विंडोज टॅब काढला. भारतात विकल्या गेलेल्या अशा यंत्रांवर बहुधा ‘सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. ती होमचेच भावंड. फरक इतकाच, की पडद्यावरच्या सूचनांची भाषा एकच ठेवता येते. इंग्रजीत सुरू केलेला टॅब नंतर मराठी करू गेल्यास परवान्यात एकच भाषा बसते, असा निरोप येतो. मराठी टायपिंगला मात्र आडकाठी नाही. एन्क्रिप्शनच्या बाबतीत सिंगल लँग्वेज आणि होम सारखेच.

बिटलॉकर हे विंडोजचे मूळ एन्क्रिप्शन 2007 च्या व्हिस्टाबरोबर आले, तेही वरच्या आवृत्त्यांपुरते. आजही त्याची पूर्ण सूत्रे प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या आवृत्त्यांतच हाती येतात. पण 2013 च्या विंडोज 8.1 पासून तेच तंत्र ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने होमलाही मिळाले. त्यासाठी अटी होत्या: यंत्रात टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप (किंवा प्रोसेसरमधलीच तशी सोय) हवी आणि पडदा बंद असतानाही जागे राहणारी ‘कनेक्टेड स्टँडबाय’ व्यवस्था हवी. त्यामुळे सहा-सात हजारांच्या लहान टॅबला जे मिळे, ते कधी कधी त्याच्या पाचपट किमतीच्या जुन्या धाटणीच्या लॅपटॉपला मिळत नसे. आपला टॅब अटींत बसतो का, हे ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट’ या ओळीत पाहावे. तिथे नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ नसते. नकाराचे कारणही लिहिलेले असते. ते न वाचताच प्रोचे पैसे भरणे म्हणजे कित्येकदा जुन्या टॅबच्या आजच्या किमतीहून जास्त रक्कम घालवणे होय.

अटींत बसूनही टॅब उघडा राहू शकतो, आणि ही अवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. अशा यंत्रावर कारखान्यातून आल्यावर पहिल्या सुरुवातीलाच माहिती सांकेतिक होऊ लागते, पण संरक्षण चालू होत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने कोणी आत येऊन, अडल्या वेळी टॅब उघडणारी ‘रिकव्हरी की’ त्या खात्यात जमा होईपर्यंत उलगडण्याची चावी डिस्कवरच, कोणालाही वाचता येईल अशी पडून असते. कुलूप लावावे आणि किल्ली त्याच कडीला अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार. वापरणारा लोकल खात्यावरच राहिला, तर टॅब वर्षानुवर्षे याच स्थितीत चालतो. ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह दिसले, तर हीच अवस्था समजावी.

खात्यात जमा झालेली रिकव्हरी की 48 अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. फर्मवेअर बदलले, मदरबोर्ड बदलला किंवा सुरू होण्याच्या क्रमात ढवळाढवळ झाली, की टॅब निळ्या पडद्यावर ही की मागतो आणि खाली की आयडी दाखवतो. त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या नोंदीशी जुळवून योग्य की निवडायची असते. आपल्याकडे खरी अडचण इथे येते. नवा टॅब पुष्कळदा दुकानातच ‘चालू करून’ दिला जातो आणि घाईत कामचलाऊ ई-मेल काढून खाते उघडले जाते. त्याचा पासवर्ड ग्राहकाला ठाऊक नसतो, कधी ते खाते दुकानातल्या मुलाच्या मोबाइल नंबरला जोडलेले असते. दोन वर्षांनी टॅब की मागतो तेव्हा की सुखरूप असते, पण दुसऱ्याच्या खात्यात. की हाती नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याजवळ फॉरमॅट मारण्याखेरीज उपाय उरत नाही; मायक्रोसॉफ्टही ती पुन्हा तयार करून देऊ शकत नाही. म्हणून विकत घेतानाच खाते स्वतःचे, स्वतःच्या नंबरचे असावे आणि की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रो घेतल्यावर विंडोज सुरू होण्यापूर्वीच मागितला जाणारा पिन लावता येतो, पण कीबोर्ड नसलेल्या टॅबवर त्या टप्प्यावर टायपिंगची सोय नसल्याने विंडोज तो लावूच देत नाही. ग्रुप पॉलिसीत वेगळी परवानगी द्यावी लागते आणि मग यूएसबी कीबोर्ड जवळ बाळगावा लागतो. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह सांकेतिक करण्यासाठी मात्र प्रो खरोखरच लागते. होमवर असे कार्ड पासवर्ड देऊन उघडता येते, नव्याने करता येत नाही.

पैठण गेटच्या मोबाइल बाजारात आज जो लहान टॅब मागितला जातो तो बहुधा ॲण्ड्रॉइडचा. तिथे होम-प्रो असा भेद नाही. कमी मेमरीच्या यंत्रांसाठी ‘गो’ आवृत्ती आहे, पण तिच्यामुळे एन्क्रिप्शन कमी होत नाही. महत्त्वाचे असते ते व्हर्जन. 2011 च्या ॲण्ड्रॉइड 3 पासून एन्क्रिप्शनची सोय होती, पण स्वस्त प्रोसेसरमध्ये एईएस या गणितासाठी खास सूचना नसल्याने यंत्र रेंगाळे आणि 6 व्या व्हर्जनमध्येही संथ यंत्रांना सक्तीतून सूट होती. गुगलने 2019 मध्ये अशा प्रोसेसरांसाठी ‘ॲडिअँटम’ ही हलकी पद्धत आणली आणि ॲण्ड्रॉइड 10 सह बाजारात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एन्क्रिप्शन सक्तीचे झाले. स्वस्त टॅब घेणाऱ्यालाही महागड्या यंत्राइतकाच खासगीपणा मिळावा, या दृष्टीने हा टप्पा मोठा आहे. तरीही पडद्याला पिन नसेल, तर बोट सरकवताच सगळे उघडते. फोटो कार्डावर साठवण्याची सवय असेल, तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ते दिसतात. कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडल्यास सांकेतिक होते आणि ही निवड प्रत्येक कंपनी देत नाही. आयपॅड मिनीत आवृत्त्यांचा प्रश्नच नाही. एन्क्रिप्शन कायम असते, पासकोड तेवढा लावायचा.

हरवलेला मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून बंद करण्याची सोय मे 2023 पासून ‘संचार साथी’वर देशभर आहे. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतोच, त्यामुळे बसस्थानकावर राहून गेलेला असा टॅब त्या मार्गाने रोखता येत नाही. वकील, डॉक्टर आणि शिकवणीवर्ग चालवणाऱ्यांसाठी ही बाब अधिक गंभीर आहे, कारण 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दुसऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपायांची जबाबदारी टाकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 नुसार शासन सांकेतिक माहिती उलगडून मागू शकते, हेही त्यांना ठाऊक असावे.

लहान विंडोज टॅबची वाट आता जवळजवळ संपली आहे. विंडोज 11 ला 9 इंचांहून मोठा पडदा, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण लागते, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबला. अशा टॅबवरचे एन्क्रिप्शन चालू राहील, पण नवी छिद्रे आपोआप बुजवली जाणार नाहीत. तो विकायचा किंवा भाच्याला द्यायचा असेल, तर आधी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, मेमरी कार्ड काढावे, संरक्षण चालू असल्याची खात्री करावी आणि मगच ‘रिसेट धिस पीसी’मधून सर्व काही पुसण्याचा पर्याय निवडावा. जुनी चावी नष्ट झाल्यावर साठवणीत उरलेले अवशेष कोणालाही वाचता येत नाहीत.