१४ डिसेंबर २०११ : संग्रामपूरचे विषारी दारूकांड

कोलकात्यातील सियालदहहून डायमंड हार्बरकडे जाणाऱ्या उपनगरी लोहमार्गावरील संग्रामपूर स्थानकाच्या परिसरात ‘चोलाई’, म्हणजे बंगालमधील हातभट्टीची दारू, प्यायलेले मजूर व रिक्षाचालक या दिवशी एकामागून एक दगावू लागले आणि बळींची संख्या दीडशेवर गेली. त्या दारूत मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी अल्कोहोल, होते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, जे डोळ्यांच्या नसा जाळून दृष्टी व अखेर प्राणही हिरावते, आणि चवीवरून ते ओळखता येत नसल्याने स्वस्त घोटावर भागवणारा गरीब पूर्णतः असहाय ठरतो. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये याच विषाने शंभरहून अधिक जीव घेतले.