ग्रँट रोडचे नाटकगृह

आमच्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. आम्ही नरसीच्या नामदेवांच्या मुलखातले. देवळात कीर्तन ऐकावे, जमल्यास आरतीत पैसा टाकावा, ही आमची रीत. आधी तिकीट काढून मग ऐकायला बसायचे, ही चाल मराठी नाटकाने समुद्रकाठच्या मुंबईत उचलली. तिची हकीकत सणाच्या दिवसांत ऐकण्यासारखी आहे.

मुंबईच्या कोटात साहेबलोकांचे नाटकगृह १७७६ पासून होते. ते कर्जात बुडाले आणि १८३५ मध्ये विकले गेले. पुढे नव्या नाटकगृहासाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली. १८४६ मध्ये तेथे पडदा वर गेला. पण ग्रँट रोड त्या काळी शहराच्या टोकाला! कोटातले साहेब एवढ्या लांब येण्याचा कंटाळा करू लागले. साहेबांना जे लांब, ते गिरगावकरांना मात्र जवळ पडले.

इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगविले होते. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यांना आश्रय होता. १८५१ मध्ये पटवर्धन निवर्तले, आश्रय संपला आणि मंडळींना पोटासाठी गाव सोडावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईस आले. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, ते हेच वर्ष. साहेबांसाठी बांधलेल्या त्या रंगमंचावर आता मराठी सूत्रधार गाऊ लागला, विदूषक हसवू लागला आणि राक्षस आरोळ्या ठोकू लागले. समोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक होता. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तेथेच आपले नाटक केले.

मला यात मोठी गोष्ट दिसते. राजाची बिदागी भरघोस खरी, पण ती एका माणसाच्या आयुष्याला बांधलेली. तिकिटाचा पैसा थोडा थोडा येतो, पण शेकडो हातांतून येतो. लोकही लहरी असतात. तरी सगळे एकाच दिवशी रुसत नाहीत. राजाश्रय सुटल्यावर मराठी नाटक जगले, ते या लोकाश्रयावर.

ते नाटकगृह आज उरलेले नाही. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, तेव्हा सांगलीबरोबर ग्रँट रोडचेही स्मरण व्हावे. आणि वाचकहो, या दिवाळीत घरातली मुले चादरीचा पडदा बांधून नाटक करतील, तिकीट म्हणून रुपया मागतील. तो हसण्यावारी नेऊ नका. आधी द्या, मग बसा.