जस्तरोग : खेळण्यातल्या आगगाड्या आणि शिशाचा एक कण

लोखंडाला गंज चढतो, तांब्यावर हिरवट कळंक येतो, चांदी काळवंडते. धातूंचे हे ऱ्हास पृष्ठभागावर सुरू होतात आणि डोळ्यांना दिसतात. घासून, पुसून, तेल लावून त्यांना आवर घालता येतो. पण 1930च्या दशकातल्या खेळण्यांच्या आगगाड्या जमवणाऱ्यांना एक वेगळाच ऱ्हास ठाऊक आहे. मूळ खोक्यात ठेवलेले, कधीही न चालवलेले, रंगाचा टवकासुद्धा न उडालेले इंजिन हातात घ्यावे, तर त्याच्या चाकांवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. काही वर्षांनी चाक फुगून आसावर अडकते, सांगाडा धनुष्यासारखा वाकतो, वाघिणीच्या कडा बाहेर फाकतात. शेवटी बोटाने हलके दाबले तरी धातूचा भुगा होतो. न वापरल्याने वस्तू टिकते, हा संग्राहकांचा साधा विश्वास इथे खोटा ठरतो.

या ऱ्हासाला संग्राहकांच्या जगात ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्तरोग असे नाव आहे. त्याचा इतिहास खेळण्यांचा जितका आहे, तितकाच धातुशास्त्राचा आहे. आणि त्या धातुशास्त्राचे एक जुने टोक राजस्थानात आहे.

खेळण्यातली रेल्वे पद्धतशीर उद्योग झाली ती जर्मनीत. ग्योपिंगेन येथील मेर्कलिन ही 1859मध्ये स्थापन झालेली कंपनी आधी बाहुल्यांच्या भातुकलीची पत्र्याची भांडी बनवत असे. 1891मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तिने किल्लीवर चालणारी आगगाडी तिच्या रुळांसह मांडली आणि रुळांची ठरावीक मापे रूढ केली. त्यामुळे आज एक डबा, पुढच्या वर्षी एक सिग्नल, त्यानंतर आणखी रूळ अशी वाढत जाणारी रेल्वे घरात येऊ लागली. संग्रहाची कल्पनाच या प्रमाणीकरणातून जन्मली, असे म्हणता येईल. त्या काळातली बहुतेक खेळणी कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची असत. पत्रा कापून, वाकवून, खाचांत अडकवून त्यावर रंग चढवला जाई. असा पत्रा गंजतो, पोचतो, पण आतून कुजत नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे पत्र्याचे इंजिन आजही रुळांवर धावू शकते आणि त्याच्यापेक्षा तरुण असलेले ओतीव इंजिन मात्र भुगा होऊन पडलेले असते.

इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी 1901मध्ये भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळाचे पेटंट घेतले. हाच खेळ पुढे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेला. 1920मध्ये त्यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीने 32 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या किल्लीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. 1930च्या दशकात घरे लहान झाली, खोल्या लहान झाल्या आणि रेल्वेही लहान होणे भाग पडले. 1938मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही 16.5 मिलिमीटर रुळांची मालिका आली. या आकारात इंजिनाचा प्रत्येक दांडा, प्रत्येक खिळ्याचे डोके पत्र्यातून काढणे अवघड होते. शिवाय पत्र्याचे छोटे इंजिन इतके हलके भरते की रुळांवर त्याची पकड राहत नाही. उपाय होता दाबाखाली ओतकाम, म्हणजे डाय-कास्टिंग.

या पद्धतीत वितळलेला धातू पोलादी साच्यात मोठ्या दाबाने घुसवतात. जस्त आणि सुमारे 4 टक्के अॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू या कामाला फार सोयीचा. तो 400 अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, साच्याच्या बारीकसारीक खाचांत भरतो, लगेच गोठतो आणि साच्याची फारशी झीज करत नाही. एकाच साच्यातून हजारो सांगाडे निघू शकतात. खेळण्यांच्या कारखान्यांना हवी होती ती वस्तू मिळाली : स्वस्त, जड आणि रेखीव. ब्रिटनच्या डब्लो मालिकेप्रमाणेच अमेरिकेच्या लायोनेल कंपनीनेही 1930च्या दशकात ओतीव इंजिने काढली. याच मिश्रधातूत हा रोग लपलेला होता.

दीर्घकाळ संग्राहक या रोगाला ‘मेटल फटीग’, म्हणजे धातूचा थकवा म्हणत आले. हे नाव चुकीचे आहे. थकवा पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने येतो. विमानाचा पंख किंवा पुलाची तुळई अशा थकव्याने तुटते. खोक्यात स्वस्थ पडलेल्या इंजिनावर कसलाच ताण नसतो. कथिलाच्या रोगाशीही याची गल्लत होते. कथील सुमारे 13 अंश सेल्सियसखाली आपली स्फटिकरचना बदलून करड्या भुकटीत रूपांतरित होऊ शकते. ते एकाच मूलद्रव्याचे रूपांतर असून त्याला थंडी पोषक ठरते. जस्तरोग याच्या उलट आहे. तो रासायनिक ऱ्हास आहे आणि त्याला ऊब व दमट हवा मानवते.

त्याचे मूळ शिशात आहे. वितळलेल्या जस्तात शिशाचा थोडा अंश विरघळतो, पण घन जस्तात त्याला जवळजवळ थारा नसतो. मिश्रधातू गोठताना असंख्य सूक्ष्म स्फटिककण तयार होतात आणि शिसे या कणांमधल्या सीमांवर लोटले जाते. कथील आणि कॅडमियम यांचे वर्तनही असेच घातक ठरते. हवेतली आर्द्रता या सीमांवर पोचली की तिथे सूक्ष्म विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि सीमा आतल्या आत गंजत जातात. तयार होणाऱ्या ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा अधिक जागा लागते. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत ती सुमारे दीडपट असते. भिंतीच्या विटा शाबूत असाव्यात आणि मधला चुना फुगत जावा, तसे हे घडते. आधी भिंत वाढते, मग तडकते, मग ढासळते. रंगाचा थर वरून अखंड असला तरी आतल्या ओतकामाला सुटका नसते.

शिसे किती पुरते? आजच्या मानकांनुसार अशा ओतकामात शिशाचे प्रमाण सुमारे 0.005 टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. 100 ग्रॅम वजनाच्या सांगाड्यात हे प्रमाण 5 मिलिग्रॅम भरते. एवढ्या शिशाची गोळी केली, तर ती मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान होईल. कारखान्यात जुने भंगार वितळवणाऱ्या भट्टीत डाखाचा एक तुकडा किंवा शिशाची एखादी पट्टी गेली, तर तेवढ्याने अख्खा घाण बिघडू शकतो. साच्यातून निघालेला भाग मात्र त्या दिवशी निर्दोष दिसतो. दोष दिसायला कधी काही वर्षे, कधी काही दशके लागतात. म्हणूनच एकाच नमुन्याच्या, एकाच वर्षी बनलेल्या दोन इंजिनांपैकी एक आज ठणठणीत असते आणि दुसरे चुरा झालेले असते.

दोषाचे कारण कळायला वेळ लागला, पण फार नव्हे. 1923मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जस्त-अॅल्युमिनियम मिश्रधातू फुगण्याचा संबंध अशुद्धींशी जोडून दाखवला. 1929मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने ‘झामॅक’ या मिश्रधातूंची मालिका आणली. जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव घडले; ब्रिटनमध्ये तेच ‘माझॅक’ झाले. या मिश्रधातूचे मर्म दोन गोष्टींत होते : 99.99 टक्के शुद्ध जस्त आणि कणसीमांवरचा गंज रोखणारा मॅग्नेशियमचा अत्यल्प अंश.

इतके शुद्ध जस्त मिळवायचे कसे? उत्तर उत्कलनबिंदूंच्या फरकात आहे. कॅडमियम 767 अंशांना उकळते, जस्त 907 अंशांना, तर शिसे थेट 1749 अंशांना. म्हणून अशुद्ध जस्त उकळून त्याची वाफ केली की शिसे मागे राहते. उरलेले जस्त पुन्हा तापवले की कॅडमियम आधी उडून जाते. धातूचे हे ऊर्ध्वपातन विसाव्या शतकात उंच स्तंभांत होऊ लागले. पण जस्ताची वाफ करून ती धरून ठेवण्याची विद्या त्याहून फार जुनी आहे.

उदयपूरच्या दक्षिणेस असलेल्या झावर येथे मध्ययुगात जस्ताचे औद्योगिक प्रमाणावर उत्पादन होत असे. 1980च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे संशोधन केले, तेव्हा भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. प्रत्येक भट्टीत वांग्याच्या आकाराच्या 36 मातीच्या मुशी उलट्या रचलेल्या असत. वरच्या भागात आग, खालच्या भागात थंडावा. जस्ताच्या धातुकात कोळसा मिसळून तापवले की धातू वाफेच्या रूपातच बाहेर पडतो आणि उघड्या हवेत क्षणात पुन्हा ऑक्साइड होतो. झावरच्या कारागिरांनी ती वाफ नळीतून खाली उतरवून थंड जागी गोठवली. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या अशा मुशीचे वर्णन आहे. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन याने अधोमुख ऊर्ध्वपातनाने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते 1738मध्ये. जस्त लवकर उकळते ही एकच गोष्ट झावरच्या मुशीचा आणि न्यू जर्सीच्या स्तंभाचा समान पाया आहे.

मग 1929नंतरही रोगट खेळणी का बनत राहिली? कारण ज्ञान कागदावर असणे आणि भट्टीजवळ पाळले जाणे यांत अंतर असते. शुद्ध जस्त महाग होते. साच्यातून निघालेले वाया गेलेले तुकडे पुन्हा वितळवणे हा रोजचा व्यवहार होता आणि त्यात काय मिसळले जाते यावर कडक नजर नव्हती. लिव्हरपूलच्या त्याच कंपनीने 1930च्या दशकात काढलेल्या ‘डिंकी’ मोटारगाड्यांनाही हाच रोग लागला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उत्पादनात शुद्धतेचा आग्रह वाढला आणि रोगाचे प्रमाण पुष्कळ घटले. संपूर्ण नाहीसे मात्र झाले नाही.

रोगावर औषध नाही. शिसे धातूच्या रंध्रारंध्रांत असते, ते बाहेर काढता येत नाही. इतकेच समाधान की रोग संसर्गजन्य नाही; शेजारच्या इंजिनात शिसे नसेल तर त्याला धोका नाही. हाती उरते ते ऱ्हासाचा वेग कमी करणे. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांखाली आणि स्थिर ठेवावी, उष्णता टाळावी, कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे, सेंद्रिय आम्लांची वाफ सोडणारे कच्चे लाकूड व हलका पुठ्ठा दूर ठेवावा. जैसलमेरच्या कोरड्या हवेत जे इंजिन टिकेल, ते मुंबई, कोची किंवा कोलकात्याच्या पावसाळ्यात तितके टिकेलच असे नाही. भारतातल्या संग्राहकाला हवामान हाच सर्वांत मोठा खर्च ठरतो.

बाकीची निगा तुलनेने सोपी असते. किल्लीचे इंजिन स्प्रिंग पूर्ण आवळून ठेवू नये. घट्ट झालेले जुने वंगण काढून हलक्या तेलाचा एकच थेंब द्यावा. डब्लोच्या इंजिनातील स्थायी चुंबक उघडताना त्याच्या ध्रुवांना लोखंडी पट्टीचा आधार द्यावा. नाहीतर जुन्या चुंबकाची शक्ती घटते आणि इंजिन अधिक विद्युतप्रवाह खाऊन तापते.

खरा पेच दुरुस्तीचा आहे. चुरा झालेली चाके काढून पोलादाची नवी बसवली की इंजिन पुन्हा धावते, पण 1938ची मूळ वस्तू थोडी कमी होते. तशीच ठेवली, तर फुगणारे चाक आस आणि सांगाडाही वाकवते. संग्रहालयशास्त्राचा कल मधल्या वाटेकडे आहे : बदललेला भाग नोंदवावा, त्यावर न पुसणारी खूण करावी, मूळ तुकडे लेबल लावून जपावेत आणि सर्व भागांची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. फुगलेल्या भागावरून साचा काढला तर नवा भागही चुकीच्या मापाचा येतो. म्हणून निरोगी भागाची मापे वेळेवर घेणे महत्त्वाचे. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या यंत्राने वस्तूला न कापता शिशाचा अंदाज घेता येतो आणि कोणत्या इंजिनाकडे आधी लक्ष द्यायचे ते ठरवता येते.

भारतात या छंदाची लोकांसमोर आलेली ठिकाणे थोडी आहेत. पुण्यातील कोथरूडचे, भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998पासून लोकांना खुले आहे. बाकी बहुतेक संग्रह घराघरांतल्या कपाटांत आहेत. त्यांतली रोगट इंजिने कोणी वापरो वा न वापरो, आपल्या गतीने चुरतच राहणार. त्यांची मापे, छायाचित्रे आणि रासायनिक घडण नोंदवण्यासाठी जो वेळ आहे, तो त्या इंजिनांच्या कणसीमांवर ठरत आहे.