फुटपाथवरची चित्रं आणि आमची वालूरची बारव

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोनदा रिलीज आडवं आलं, ते एक नेहमीचंच. पण तिसऱ्या वेळचं कारण सांगायला जरा लाज वाटतेय. मी चित्रं विकायला बसलो होतो. हो, मीच. पुण्यातल्या एका मैदानावर रविवारचा कलाबाजार भरला होता. तिथे एक टेबल, एक छत्री, यूपीआयचा क्यूआर कोड आणि बावीस चित्रं घेऊन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसलो.

सगळी चित्रं आमच्या गावच्या बारवेची. गाव वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. ज्यांनी आमची बारव पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही गोल विहीर आहे आणि तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, वळत वळत खाली पाण्याकडे जातात. लहानपणी ती गाळाने आणि कचऱ्याने भरलेली असायची, आम्ही तिकडे फिरकतही नव्हतो. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनीच ती उपसून साफ केली, आणि मग फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. मी सुट्टीत गेलो की कट्ट्यावर बसून पेनने तिची रेखाटनं करतो. त्यातलीच ही बावीस.

आठ तासांचा हिशोब असा. फ्रेम केलेली मोठी चित्रं, किंमत अडीच हजार: विक्री शून्य. मधल्या आकाराची, आठशे रुपये: शून्य. पोस्टकार्डाएवढी, शंभर रुपये: तीन. दुपारी वारा सुटला तेव्हा त्यातलीही दोन उडून शेजारच्या मातीच्या दिव्यांच्या स्टॉलवर गेली. (क्लिपा न्यायच्या असतात, हे मला तिथे कळलं.) सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न: "हे प्रिंट आहे का हाताने काढलंय?" आणि त्याच्या खालोखाल: "वॉशरूम कुठेय?"

पण खरी अडचण वाऱ्याची नव्हती. कुणी किंमत विचारली की माझा आवाज खाली जायचा. कोडचा रेट क्लायंटला सांगताना मी अडखळत नाही, मग इथे काय झालं? परत येताना लक्षात आलं, डोक्यात आमचे शाळेतले चित्रकलेचे सर बसले होते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनीच आम्हाला बसवलं. स्वतः सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्याचे पैसे घ्यायचे. पण घरी काढलेली चित्रं कपाटात. म्हणायचे, "पाटी विकायची असते, चित्र विकायचं नसतं."

मग मी माझ्या सवयीप्रमाणे बग कुठून आला ते शोधायला मागे मागे गेलो. हे 'विकायचं नसतं' आलं कधी?

आपल्याकडे चित्र घेऊन गावोगाव फिरणारा पहिला माणूस डोळ्यासमोर येतो तो चित्रकथी. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांची पोथी समोर ठेवायची, एकेक पान दाखवत गात गोष्ट सांगायची. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला टिकवली. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आमच्या मराठवाड्याचंही नाव याला चिकटलेलं आहे, या चित्रांच्या एका शैलीला पैठण शैली म्हणतात. आता गंमत बघा. चित्रकथी चित्र विकत नव्हता, दाखवत होता. लोक धान्य द्यायचे, पैसा द्यायचे, तो गोष्टीचा मोबदला. चित्र हे त्याचं हत्यार, सुताराच्या रंध्यासारखं. रंधा कोण विकतो? पण पैसे घेण्यात त्याला काही गैर वाटायचं नाही, हेही खरं.

तिकडे युरोपात वेगळंच चाललं होतं. अँटवर्प शहरात 1460 साली तिथल्या मोठ्या चर्चने एक आवार बांधलं, खास चित्रं आणि कलावस्तू विकण्यासाठी. शहरात चित्रकारांचा संघ होता आणि एरवी संघाचा सदस्य असल्याशिवाय धंदा करता येत नसे. पण वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरायची, आणि जत्रेच्या दिवसांत बाहेरच्यांनाही माल मांडायची मोकळीक असायची. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे जत्रा ही नवख्याला दिलेली सवलत आहे. एरवी दारावर जो रखवालदार असतो, तो त्या दिवसांपुरता जेवायला गेलेला असतो!

आपल्याकडे चित्र बाजारात आलं ते छापखान्यामुळे. 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी पुण्यात चित्रशाळा काढली. देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची शिळाप्रेसवरची रंगीत चित्रं सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत मिळू लागली. मग 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला, यंत्रं जर्मनीची. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंदा म्हणून रविवर्म्याला तो झेपला नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. (स्टार्टअपवाल्यांनी नोंद घ्यावी. प्रॉडक्ट हिट, कंपनी तोट्यात.) पण लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्या भिंतीवरसुद्धा देव आला. आमच्याकडे यात्रेत फोटो-फ्रेमवाल्याचं जे दुकान लागतं ना, ते याच झाडाची फांदी.

आणि बहुतेक इथेच रस्ता फुटला असावा. छापील चित्र रस्त्यावर आलं, आणि हाताने काढलेलं चित्र घरात, म्हणजे दालनात गेलं. 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले होते, 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. वार्षिक प्रदर्शनं, पदकं, परीक्षक. 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली आणि मुंबईच्या चित्रकारांना हक्काचं दालन मिळालं. मोठीच गोष्ट ती. पण दालन आलं की रांग आली. जहांगीरमध्ये तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं हे कुठल्याही चित्रकाराला विचारा. पाटी आणि चित्र यांच्यातली सरांची भिंत मला या दालनाच्या भिंतीची गावाकडची आवृत्ती वाटते.

ही भिंत न मानणारेही होतेच. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते, आणि 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर उभे राहिले. यातले आरा तर मोटारी धुण्याचं काम केलेले.

मग हाताने काढलेलं चित्र परत रस्त्यावर कधी आलं? न्यूयॉर्कमध्ये 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, महामंदीत. गॅलऱ्या ओस पडलेल्या, भाडं थकलेलं, तेव्हा ग्रिनिच व्हिलेजमधल्या चित्रकारांनी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या फुटपाथवर चित्रं मांडली. त्यात जॅक्सन पोलॉक नावाचा एक विशीतला, तेव्हा कुणालाच माहीत नसलेला मुलगा होता. मुंबईत जहांगीरच्या अगदी बाहेर, फुटपाथवर चित्रकार बसतात. आत तारीख न मिळालेले, किंवा आतलं भाडं न परवडणारे. 1999 पासून काळा घोडा महोत्सव सुरू झाला आणि तो सगळा रस्ताच फेब्रुवारीत काही दिवस चित्रांचा होऊ लागला. (काळा घोडा स्वतः मात्र 1965 मध्येच तिथून हलवला होता. सध्या उभा आहे तो नवा, 2017 चा, बिनस्वाराचा.)

आणि बंगळूरला 2003 पासून चित्र संते. 'संते' म्हणजे कानडीत बाजार. कर्नाटक चित्रकला परिषदेसमोरचा कुमारकृपा रस्ता जानेवारीतल्या एका रविवारी गाड्यांना बंद, आणि दोन्ही बाजूंना शेकडो चित्रकार. मी तिथे नोकरीला असताना दोनदा गेलो होतो. शंभर रुपयांचं चित्र आणि लाखाचं चित्र एकाच फुटपाथवर, आणि घेणारा थेट काढणाऱ्याशी बोलतोय. तिथे कुणाचाही आवाज खाली जात नव्हता.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी सरांना फोन केला. आता निवृत्त आहेत, सेलूला असतात. म्हटलं, "सर, तीन चित्रं विकली. तुम्ही म्हणायचात विकायचं नसतं, तर रागावू नका." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "अरे, मी एकदा परभणीला नेली होती रे. तरुण होतो. तीन दिवस मांडून बसलो, एक गेलं नाही. घरी येऊन काय सांगणार? म्हटलं, विकायचं नसतंच." आणि हसले. मला काही बोलता आलं नाही. तीस वर्षं मी ज्याला तत्त्व समजत होतो, ती तीन दिवसांची निराशा होती.

मग ठरवलं, पुढचं टेबल वालूरलाच लावायचं. गेल्या महिन्यात सुट्टीत गेलो, बाजाराच्या दिवशी एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर चित्रं मांडली. सगळी पोस्टकार्डाएवढी, पन्नास रुपये. (क्लिपा नेल्या होत्या :) ) गर्दी भरपूर, गिऱ्हाईक कुणीच नाही. एक काका म्हणाले, "आपलीच बारव हाय की. चार पावलं चाललं की फुकट दिसती. कशाला घेऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात 'कला', 'वारसा' वगैरे बोलता येतं. इथे काय बोलणार?

दुपारी एक आजी आल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून बराच वेळ एकच चित्र बघत राहिल्या. म्हणाल्या, "लेकरा, आमची लेक चाकणला राहती. कंपनीत हाय जावई. तिला कुठं दिसायली बारव?" कनवटीची नोट काढून त्यांनी चित्र घेतलं. मी पैसे नको म्हणालो तर रागावल्या, "फुकटचं कसं देऊ लेकीला?" त्यांनी ते पदराखाली धरून नेलं, ऊन लागू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत नऊ चित्रं गेली. नऊही कुणाच्या तरी पुण्यातल्या, मुंबईतल्या, हैदराबादच्या पोरासाठी. समोर आहे त्याचं चित्र कुणी घेत नाही, जे लांब राहिलं त्याचं घेतं. रविवर्म्याच्या छापखान्याचंही तसंच झालं असणार. आणि पुण्यात माझी जी तीन गेली होती, त्यातली दोन घेणारे, आत्ता आठवलं, एक जिंतूरचे आणि एक मानवतचे होते. आमच्याच जिल्ह्यातले. मी तेव्हा घामाघूम होऊन सुटे पैसे शोधत होतो, लक्षातच आलं नाही.

असो. पहिल्यांदा बसणार असाल तर एवढंच सांगतो: लहान आकार न्या, क्लिपा न्या, सुटे न्या, किंमत मोठ्याने सांगा. आणि सर पुढच्या वेळी माझ्याबरोबर येणार आहेत. कपाटातली चित्रं काढून ठेवली आहेत म्हणाले. किंमत काय लावायची, यावर सध्या आमची फोनवर भांडणं चालू आहेत.